नागवेलीचं पेर

कावा म्हटलं की मराठी माणसाला आधी गनिमी कावा आठवतो. आमच्या घरी हाच शब्द जरा घसरून कहवा होतो आणि डोळ्यांपुढे केशर-वेलची घातलेला काश्मिरी पेला येतो. मी ज्याविषयी बोलणार आहे तो कावा या दोन्हींहून वेगळा. कवीनं काव्याविषयी बोलावं यात नवल नाही, पण हे काव्य प्रशांत महासागरातल्या बेटांवर मातीत उगवतं आणि करवंटीतून पितात.

कावा हे पुरुषभर उंचीचं झुडूप. टोंगा बेटांच्या भाषेत 'कावा' म्हणजे कडू. त्याची मुळं कुटतात, काही ठिकाणी चावतात, थंड पाण्यात कालवून गाळतात आणि नारळाच्या करवंटीतून एका दमात पितात. पाणी गढूळ दिसतं, चवही मातकट. जीभ आणि ओठ बधिर होतात, अंग सैलावतं, माणूस शांत होतो. यात आंबवणं नाही की भट्टी लावणं नाही, म्हणजे ही दारू नव्हे. आमचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा, तेव्हा एवढा खुलासा आधीच केलेला बरा.

हिंगणघाटच्या माणसाला त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. तर कावा आपल्या नात्यातला आहे. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर, १७७२ ते ७५ या काळात, जॉर्ज फॉर्स्टर नावाचा तरुण निसर्ग-अभ्यासक होता. त्यानं या झाडाचं नाव ठेवलं पायपर मेथिस्टिकम. यातलं 'पायपर' हे आडनाव समजा. मिऱ्याचं आडनाव पायपर, अंजनगाव सुर्जी आणि अकोटकडे होते त्या पानपिंपरीचं पायपर, आणि आपल्या विड्याच्या पानाचंही पायपरच. म्हणजे कावा आणि पान ही चुलत भावंडं. एकाचं मूळ पितात, दुसऱ्याचं पान खातात, एवढाच फरक.

आणखी एक साम्य आहे, आणि माझं सगळं सांगणं त्याच्याभोवती आहे. या दोघांना लावायचं बी नसतं.

काव्याला फुलं येतात, पण बी धरत नाही. रानात त्याचा एक पूर्वज आहे, त्याला बी येतं. त्यातून माणसानं निवडून निवडून जे झाड घडवलं ते मात्र वांझ. आज बेटांवर जो कावा उभा आहे तो कुणीतरी कधीतरी कांडी तोडून लावला म्हणून उभा आहे. त्याआधी दुसऱ्या कुणी, त्याआधी तिसऱ्या कुणी. होडीतून बेटावर उतरलेल्या माणसांच्या सामानात तारो, केळी आणि काव्याच्या ओल्या कांड्या असत. व्हिन्सेंट लेबो या फ्रेंच संशोधकानं १९८० च्या दशकात बेटोबेटी हिंडून या झाडाचे वाण गोळा केले. एकट्या वानुआतू देशात ऐंशीच्या आसपास नावं निघाली. बोरोगु, मेलोमेलो, पालारासुल. गावकऱ्याला नुसत्या खोडाच्या रंगावरून आणि पेराच्या लांबीवरून वाण ओळखता येतो. कोणता पाहुण्याला द्यायचा, कोणता औषधाला, कोणता रोजच्या संध्याकाळला, हे ठरलेलं असतं.

पानवेलीचंही तसंच आहे. वेलींमध्ये नर वेगळा, मादी वेगळी. मळ्यात पिढ्यान्‌पिढ्या एकाच वेलीच्या फांद्या लावत गेल्यामुळे बी धरण्याचा प्रश्नच येत नाही. पेर तोडायचं, मातीत दाबायचं, फुटलं की शेवरीवर चढवायचं. तुम्ही आज कपुरी पान खाल तेव्हा ते कुठल्यातरी जुन्या वेलीचं नातवंड नसतं, तीच वेल असते. शरीर तेच, फक्त माती बदललेली.

हे जुन्या लोकांच्या ध्यानात आलं नसेल असं कसं होईल? रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात बरई, म्हणजे आपल्याकडचे बारी, यांच्यावर एक प्रकरण आहे. १९११ च्या शिरगणतीत मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यांची संख्या साठ हजारांच्या घरात होती आणि वस्ती मुख्यतः अमरावती, बुलढाणा, नागपूर, वर्धा या पट्ट्यात. त्यांच्यातली एक कथा तिथे नोंदवली आहे. युद्ध जिंकल्यावर पांडवांनी मोठा यज्ञ केला. यज्ञाला पान हवं, आणि पृथ्वीवर पान नव्हतं. म्हणून पाताळात नागांच्या राणीकडे दूत गेला. राणीनं आपल्या करंगळीचं शेवटचं पेर कापून दिलं. ते जमिनीत पुरलं, त्यातून वेल आली. म्हणून या वेलीला फूल नाही, फळ नाही. तिची पेरं तोडूनच ती लावावी लागते. म्हणून ती नागवेल.

बोटाचंही पेर आणि वेलीचंही पेर! हा शब्द मराठीत दोन्हीकडे चालतो, त्यामुळे ही गोष्ट आपल्या भाषेत जशी बसते तशी इंग्रजी ग्रंथात बसलेली नाही. आपल्या खेड्यांत साप चावला असं म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. लहानपणी मला या म्हणण्याचा अर्थ लागत नसे. पुढे ही कथा वाचली आणि लागला.

टोंगात काव्याची गोष्ट याहून कठोर आहे. दुष्काळाच्या दिवसांत राजा एका लहान बेटावर उतरला. तिथल्या गरीब नवरा-बायकोकडे त्याला वाढायला काही नव्हतं. त्यांची एक मुलगी होती, काव्होनाऊ, महारोगानं पीडलेली. त्यांनी तिलाच मारून राजासाठी भट्टीत ठेवलं. राजाला कळलं तेव्हा तो न जेवता निघून गेला आणि मुलीला पुरायला सांगितलं. तिच्या थडग्यातून दोन झाडं उगवली, डोक्याकडून कावा आणि पायांकडून ऊस. एक कडू, एक गोड. टोंगातल्या सोहळ्यांत कावा वाढताना ही मुलगी सगळ्यांच्या मनात असते. पाताळातली राणी आणि टोंगातली पोर, दोघींच्या देहातून वेल आणि झाड निघालं. ज्याला बी नाही ते आलं कुठून, हा प्रश्न दोन्ही समुद्रांच्या काठच्या माणसांना पडला होता आणि दोघांना सुचलेलं उत्तर एकच होतं: कुणीतरी आपल्या अंगातून दिलं.

डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या मानववंशशास्त्रज्ञानं १९१४ मध्ये मेलानेशियाच्या लोकांचे दोन भाग पाडले, कावावाले आणि पानवाले. पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांपर्यंत सुपारी, चुना आणि पानवेल. तिथून पुढे वानुआतू, फिजी, टोंगा, सामोआ, तिथे कावा. त्याच्या सिद्धान्ताचं पुढे फारसं काही उरलं नाही, पण ही वाटणी ढोबळमानानं खरी आहे. आणि गंमत बघा, पानवाल्यांच्या मुलखातली माणसं कावावाल्यांकडे जाऊन वसलीच. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर हिंदी मजूर गिरमिटावर फिजीला नेले गेले. उसाच्या मळ्यात राबणाऱ्या या लोकांनी तिथला कावा उचलला. आज फिजीतल्या हिंदी घरांत लग्न असो, मयत असो की रामायण मंडळी, मध्ये काव्याची परात असतेच. ते त्याला ग्रोग म्हणतात. फिजीतल्या मूळ गावात पाहुणा गेला तर काव्याच्या मुळांची जुडी आधी मुखियापुढे ठेवतो. ती स्वीकारली की तो गावाचा झाला. प्याला घेण्याआधी एक टाळी, रिकामा केल्यावर तीन.

आपल्याकडे हेच काम पानसुपारी करत आली. इब्न बतूता चौदाव्या शतकात दिल्लीला होता, देवगिरीकडेही येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलं आहे की हिंदुस्थानात कुणी तुम्हाला पाच पानं दिली तर जग दिल्यासारखं समजतात आणि बड्या माणसाच्या हातचं पान सोन्या-चांदीपेक्षा मोलाचं मानतात. दरबारात विडा उचलला की माणूस शब्दाला बांधला जाई. आमच्या दादीचं पितळी पानदान होतं. चुना, कात, सुपारी, लवंग यांना आपापली वाटी आणि वरच्या ताटलीत ओल्या फडक्यात पानं. सोयरीक ठरली की आधी ते पानदान पुढे सरकायचं, मग तारखेची गोष्ट. दादी त्याला गिलौरी म्हणायची, शेजारच्या काकू विडा म्हणायच्या. पानवाला मात्र दोन्ही घरांचा एकच. टोपली घेऊन यायचा, आणि कुठलं पान कुठल्या घरी द्यायचं हे त्याला विचारावं लागत नसे.

हे 'कुठलं पान' महत्त्वाचं. अबुल फज़लनं 'आईन-ए-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी, पानाच्या सहा जाती दिल्या आहेत: बिलहरी, काकेर, जैसवार, कपुरी, कपूरकांत, बंगला. नुसती नावं नाहीत, स्वभावही दिले आहेत. बिलहरी पांढुरकं, चकचकीत, जिभेला चरचर न करणारं. कपुरी पिवळसर, कडक, शिरांनी भरलेलं, पण वासाला आणि चवीला चांगलं. बंगला रुंद, जाड, तिखट. कपूरकांत कापराच्या वासाचं, मिऱ्यासारखं झणझणीत, फक्त बनारसला होणारं, आणि तिथेही प्रत्येक मातीत न येणारं. मोगल दरबाराचा मुत्सद्दी सैन्याचे आणि महसुलाचे आकडे लिहिता लिहिता पानाची चव लिहितो, कारण त्याला ती येत होती. या सहांतली कपुरी आणि बंगला ही दोन नावं आजही आपल्या पानठेल्यावर ऐकू येतात.

विदर्भात रामटेकचं कपुरी नावाजलेलं. पानमळा म्हणजे काय असतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. वैशाखात बाहेर पंचेचाळीस अंश ऊन असतं आणि तुम्ही चपला बाहेर काढून आत शिरता, तर हिरवा काळोख आणि पायाखाली गार चिखल. शेवरी, हादगा, पांगारा यांच्या दाट रांगा, त्यांच्या अंगावर वेली, चारी बाजूंनी गवताचा आडोसा. वेल माणसाच्या हाताबाहेर वाढली की ती खाली उतरवतात. पानं खुडलेलं जुनं खोड बुडाशी वेटोळं करून मातीत पुरतात, शेंडा पुन्हा वर चढवतात. पुरलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात. अशी ती दरवर्षी स्वतःलाच पुरून घेते आणि दरवर्षी तरुण होते. नागपंचमीला बारी मळ्यात जाऊन नागाची पूजा करत आणि त्या दिवशी एकाही पानाला हात लावत नसत, अशी नोंद रसेल-हिरालाल यांनीच केली आहे.

पण एकच देह सगळ्या मळ्यात असण्याची किंमत असते. पावसाळ्यात मर रोगाची बुरशी एका वेलीच्या बुडाला लागली तर दुसरीनं वाचण्याचं काही कारण नसतं. पंधरा दिवसांत मळा काळा पडतो. त्यावर बोर्डो मिश्रण आहे, निचरा आहे, काळजी आहे. पण रोज हात लावणारा माणूस हवा. भाकरी, घोडा आणि पान यांचं जुनं कोडं तुम्हाला ठाऊक असेलच. फिरवत राहिलं नाही तर तिन्ही वाया जातात. वाणाचंही तेच.

बेटांवर ते कसं वाया गेलं पाहा. मिशनरी आले आणि त्यांना काव्यात सैतान दिसला. कोसराई बेटावर कावा पिणंच बंद पडलं. ताहितीत तो जवळजवळ नाहीसा झाला. हवाईत त्याला 'आवा' म्हणतात. तिथे जुन्या परड्यांत, ओढ्याकाठी, सोडून दिलेल्या शेतांत जी झाडं तग धरून होती त्यांतून तेरा वाण पुन्हा ओळखून लावले गेले. वानुआतूतल्या टाना बेटावर मात्र लोकांनी ऐकलं नाही. तिथे आजही संध्याकाळी वडाखालच्या मोकळ्या जागेत पुरुष जमतात, पोरं मुळं चावून देतात, पिणारा शेवटचा घोट फुंकून पूर्वजांशी दोन शब्द बोलतो आणि मग कुणी मोठ्यानं बोलत नाही. बायकांना तिथे मज्जाव, ही गोष्ट मला पटत नाही, तीही सांगून ठेवतो. आपल्या मळ्यांतही विटाळाच्या नावाखाली बायकांना बाहेर ठेवत. परंपरा म्हटली की सगळीच उचलून डोक्यावर घ्यायची नसते.

दुसरं संकट बाजारातून आलं. १९९० च्या दशकात युरोपात काव्याच्या गोळ्यांचा खप वाढला, झोपेला आणि चिंतेला औषध म्हणून. मग यकृताच्या तक्रारी आल्या आणि २००२ मध्ये जर्मनीनं कावा बंद केला, पाठोपाठ इतरांनी. बेटांवरचे शेतकरी बसले. मागणीच्या घाईत मूळ सोडून सालं आणि देठ विकले गेले होते का, पाण्याऐवजी रसायनात अर्क काढल्यानं काही झालं का, चुकीचे वाण गेले का, यावर पुष्कळ वाद झाला. वानुआतूनं त्याच वर्षी कायदा करून खानदानी वाण वेगळे काढले. ज्याची गुंगी दोन दिवस उतरत नाही अशा वाणांना ते 'टुडे' म्हणजे दोन दिवसांवाला म्हणतात. त्याच्या निर्यातीला बंदी. २०१४ मध्ये जर्मन न्यायालयानं ती जुनी बंदी चुकीची ठरवली. २०२० मध्ये पाण्यात कालवून प्यायच्या काव्याला कोडेक्सचं प्रादेशिक मानक मिळालं. खेड्यातला म्हातारा खोड पाहून जे सांगत होता ते आता कागदावर आलं: कोणता वाण, झाडाचा कोणता भाग, कशात कालवलेला.

आपल्याकडे पानावर बंदी कुणी आणली नाही. आपण खर्रा आणला.

नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्याबाहेरच्यांना हा शब्द कदाचित समजावून सांगावा लागेल. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा आणि ती पुडी दिवसभर खिशात ठेवून चघळायची. त्यात पान नाही. ठेल्याच्या पाटीवर 'पान' लिहिलेलं असतं, आत पन्नी आणि घोटणं. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. खर्रा हातानं घोटला जातो, तो कुठल्या कारखान्यातून निघत नाही. माझ्या मोहल्ल्यातल्या एका पोराचं तोंड दोन बोटांइतकंही उघडत नाही. वय तिशीच्या आत. भात मऊ करून खातो. हसताना हात आडवा धरतो.

इथे पानाची वकिली करताना मी एक गोष्ट लपवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीलाच, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक ठरवलं आहे. म्हणजे दादीच्या पानदानातली एक वाटी दोषी होतीच. हिरव्या पानावर मात्र तो ठपका नाही. जेवणानंतरचा एक विडा आणि दिवसाला दहा पुड्या यांत फरक मात्रेचा आहे तसा रीतीचाही आहे. विडा कुणीतरी कुणाला तरी देत होतं. पुडी माणूस स्वतःच विकत घेतो आणि एकटाच चघळतो. आपण या जोडगोळीतून नेमकं निरोगी ते काढून टाकलं आणि रोग तेवढा ठेवला.

यावर कुणी म्हणेल, पान तर अजून विकतंच की, पूजेला लागतं, लग्नात लागतं. लागतं, खरं आहे. पण कलशातलं पान चव विचारत नाही. ते हिरवं आणि अखंड असलं म्हणजे झालं. आणि वाण टिकतो तो फरक ओळखणाऱ्या जिभेमुळे. सगळ्यांना कुठलंही चालतं असं झालं, की मळेवाला जे लवकर वाढतं, लांब टिकतं तेवढंच लावणार. त्याचं काय चुकलं?

हिंगणघाटला हे नवं नाही. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते ६५, 'हिंगणघाट' हे एका कापसाचं नाव होतं आणि लिव्हरपूलच्या बाजारात त्याचा भाव निघत असे. ती आपली बणी, लांब आणि मऊ धाग्याची. पुढे जिनात रुई जास्त देणारा आखूड धाग्याचा जरी कापूस तिच्यात मिसळत गेला, मग तिच्या जागी आला. आज वणा नदीच्या काठी बणीचं शेत तुम्हाला दिसणार नाही. पण सरकी वाळवून डबीत ठेवता येते. गावरान कापसांचं बियाणं संशोधन केंद्रांच्या शीतगृहांत सांभाळलेलं असतं आणि कुणी मागितलं तर पेरता येतं.

पानवेलीला ती सोय नाही. वानुआतूत सांतो बेटावरच्या संशोधन केंद्रात काव्याचे वाण जिवंत लावून ठेवावे लागतात. २०१५ मध्ये पाम वादळ आलं तेव्हा देशभर पिकं झोपली. अशा वेळी काव्याचं धन पुन्हा कुणाच्या तरी परड्यातल्या कांडीवरूनच वाढवावं लागतं. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं पानाच्या वेली अशाच जोपासल्या. त्याही रोज पाणी मागतात. एका उन्हाळ्यात पंप बंद पडला तर यादीतलं एक नाव कमी.

गेल्या पावसाळ्यात मी अबुल फज़लची ती सहा नावं एका चिठ्ठीवर लिहून घेतली आणि ओळखीच्या सात पानठेलेवाल्यांना वाचून दाखवली. कपुरी सगळ्यांना ठाऊक होतं. बंगला सगळ्यांना. जैसवार ऐकून एकजण म्हणाला, हे तर आडनाव आहे. बिलहरी आणि काकेरला सगळ्यांनी मान हलवली. कपूरकांत हे नाव एकानंच पुन्हा म्हणवून घेतलं, सत्तरीतला म्हातारा, ज्याच्या ठेल्यावर अजून ओल्या फडक्यात पानं असतात. त्यानं विचारलं, "मिळते का साहेब कुठं? एक पेर आणून द्या."